वैजूचा कौल

नवी कादंबरी घरात आली की काकी आधी सुईदोरा शोधायच्या. पुस्तक मागून उघडायचं, शेवटचं प्रकरण चिमटीत धरायचं आणि गोधडीला घालतात तसे लांब लांब टाके मारून ती पानं बंद करून टाकायची. शेवट आधी कोण बघतो ते बघतेच, अशी तोंडानं पुटपुट चालूच असायची, "आतां शेवट कोण आदीं पळयता तें पळयतां हांव!" मग दोरा दातानं तोडून पुस्तक माझ्या मांडीवर टाकायच्या. "हां. वाच, बाय."

मी पहिल्यांदा हा प्रकार बघितला तेव्हा मनात म्हटलं, झालं! घरमालकीण थोडी सटकलेली दिसते. वर्षभरात कळलं की थोडी नव्हे.

मी मूळची बांद्याची. कारापूरच्या बाजूला मराठी शाळेत बाई म्हणून नेमणूक झाली आणि डिचोलीत काकींच्या घराची मागची खोली भाड्यानं मिळाली. त्या घराला पुढे ऐसपैस सोपो होता, म्हणजे आपल्याकडच्या ओसरीसारखा, दोन्ही बाजूंना बसायला सिमेंटची बाकं. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते त्या सोप्यावर. नोकरी, पगार, बदल्या हे सगळं नंतर.

काकींच्या डोळ्यांत मोतिबिंदू उतरला होता. ऑपरेशन करा म्हटलं की त्या म्हणायच्या, "डोळे उगडून कितें पळोवचें? ह्या वाड्याचीं तोंडां? तीं म्हाका पाठ आसात." त्यामुळे वाचायचं काम माझं आणि ऐकायचं त्यांचं. पुस्तकं हलकीफुलकीच हवीत. प्रेम असावं, भांडण असावं, घोटाळे असावेत, आणि शेवटी मांडव पडावा. रडकं पुस्तक त्या उंबऱ्याच्या आत घेत नसत. "रडूंक म्हाका घरचें पुरो" म्हणायच्या. लायब्ररीच्या मास्तरांना निरोप जायचा, "शेवटाक लगीन जाता न्हय?" ते बिचारे एकही पान न उलटता उत्तर पाठवायचे, "जाता, काकी, जाता."

हेच मास्तर एकदा तणतणत घरी आले. म्हणे, तुम्ही पुस्तकांना भोकं पाडता. काकींनी त्यांना बसवलं, चहा दिला, बुडवायला उंडो, म्हणजे पाव, दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "भोकां न्हय तीं. कान टोंचल्यात पुस्तकाचे. आतां तें बरें दिसता." मास्तर चहा पिऊन गेले. पुन्हा आले नाहीत.

पानं शिवण्यामागे त्यांचं तत्त्वज्ञान होतं. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "संवसारांत कोणाक शेवटाचें पान आदीं पळोवंक मेळटा, बाय? मागीर पुस्तकांत कित्याक? शेवट कळलो की मनीस लबाड जाता. वयरवयर रडता, वयरवयर हासता." शाळेत मुलांना धड्याचा सारांश आधी सांगणारी मी!

घरचं रडू म्हणजे काय ते सगळ्या वाड्याला, म्हणजे आळीला, ठाऊक होतं, म्हणून कोणी बोलत नसे. पोर्तुगीज अमदानीत, लग्नाला वर्ष होतं न होतं तोच काकींचे यजमान मुरगावच्या धक्क्यावरून बोटीत बसून आफ्रिकेला गेले. चार पैसे कमावून येतो म्हणाले. सुरुवातीला पत्रं आली, मग थांबली. माणूस आहे की गेला, कुणालाच कळलं नाही. काकी मात्र त्यांच्याबद्दल बोलताना 'होते' असं कधी म्हणाल्या नाहीत. "तांकां खतखतें आवडटा" असंच म्हणायच्या, जणू आत्ता आंघोळ करून पानावर बसणार आहेत.

गुरुवारी संध्याकाळी मी शाळेतून आले की बैठक भरायची. समोरच्या घरातली नर्सबाय यायची. जिभेला हाड नसलेली, पण सोन्यासारखी बाई. दोन घरं सोडून राहणारी, ब्लाउज शिवणारी कुसुम यायची. आणि सोप्याच्या पायरीवर बसायचा फिटर. त्याचं बाजारात स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि लायब्ररीतून काकींची पुस्तकं आणायचं काम त्यानं आपण होऊन अंगावर घेतलं होतं. पुस्तक दिलं की निघायचं, एवढंच खरं तर काम. पण तो पायरीवर टेकायचा, हाताचं काळं ग्रीस फडक्याला पुसत बसायचा आणि प्रकरण संपल्याशिवाय उठायचा नाही.

ते दिवस भाषेच्या भांडणाचे होते. कोंकणी की मराठी, यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या घरचं पाणी पीत नव्हते. बसगाड्या अडत होत्या, भिंती रंगत होत्या. नर्सबाय आणि फिटर कोंकणीवाले. कुसुम कट्टर मराठीवाली, आणि गंमत अशी की मराठीसाठी ती तावातावानं भांडायची ती अस्सल कोंकणीतून! मी तर मराठी शाळेची बाईच. काकींनी एकदाच सगळ्यांना ठणकावलं होतं, "चळवळ भायर वाणां वांगडा दवरची. ह्या सोप्यार वाचूंक मराठी, उलोवंक कोंकणी, आनी भांडूंक जाय जाल्यार पुस्तकांतल्या मनशांचेर भांडचें." वाणां म्हणजे चपला. चपलांबरोबर चळवळही खाली राहायची, आणि जाताना जो तो आपापली पायात घालून जायचा.

आणि भांडण व्हायचं हो! त्या पावसाळ्यानंतर जी कादंबरी आली, तिनं तर सोपा फुटायचाच बाकी राहिला.

गोष्ट पुण्यातली. वैजू नावाची मुलगी बँकेत नोकरी करते, भाड्याच्या खोलीत राहते. वरच्या मजल्यावर सुहास. दोघांची भांडणं गच्चीवरच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवरून. हिच्या साड्या, त्याच्या लुंग्या. भांडता भांडता जमतं, पण हा बाबा तोंड उघडेल तर शपथ. तेवढ्यात त्याला नागपूरला नोकरी लागते. "चार महिन्यांत येतो" म्हणून जातो, आणि ना पत्र ना फोन. इकडे गल्लीत एक दातांचा डॉक्टर. तो वैजूला बघितलं की शिंकायला लागतो. चांगली वीस-वीस पानं शिंकतो. आम्ही हसून हसून बाकावरून खाली यायच्या बाकी.

पण सुहासवरून दोन तट पडले. नर्सबाय म्हणे, "असल्या दादल्याक हांव इंजेक्शन पसून मारची ना." कुसुमला दातांचा डॉक्टर आवडायचा. "शिंकता, पूण हांगा आसा मरे! वयर नागपुराक बसून तरी शिंकना." फिटरचं मत फिटरसारखं, "त्या सुहासाचें इंजीन चालू आसा. गिअर घालूंक भियेता."

"आनी तुजें कितें?" नर्सबायनं पटकन विचारलं. फिटर ग्रीसच्या फडक्यात तोंड खुपसायला लागला. मी पुस्तकात डोळे घातले, आणि एकच ओळ दोनदा वाचली, असं कुसुम नंतर सांगत होती.

सुहासच्या बाजूनं एकट्या काकी. "येतलो गो तो," त्या म्हणायच्या. "दादल्यांक कामां आसतात. बरोवंक वेळ मेळना जातलो. पूण येतलो." हे त्या म्हणाल्या की सगळ्या गप्प व्हायच्या. नर्सबायसुद्धा. मग काकी स्वतःच म्हणायच्या, "कितें गो ओग्या रावल्यात? वाच फुडें!"

त्यांना पुस्तकातली माणसं पुस्तकातली वाटतच नसत. सुहासला त्या नावानं शिव्या घालायच्या, पण दुसऱ्यानं घातलेल्या खपवून घेत नसत. वैजूला ताप आला त्या गुरुवारी वाचन थांबलं, चुलीवर पेज चढली, आणि ती मला प्यावी लागली. "ताका कोण दितलो थंय? तूं तरी पी." मी कुरकुरले, तर म्हणाल्या, वैजूही अशीच कुरकुरते, म्हणून आजारी पडते. वाचणाऱ्या बाईच्या पोटातून पेज वाचलेल्या बाईच्या पोटात जाते, असा त्यांचा काहीतरी हिशेब असावा.

आता माझं सांगते. लपवण्यासारखं काही नाही, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मला फिटर आवडत होता. त्यालाही मी. दोघांनाही कळलं होतं आणि दोघंही मठ्ठासारखे गप्प. शेवटी एकदा माझी सायकल पंक्चर झाली, ती दुरुस्त करून देताना तो चाकाकडे बघत म्हणाला, "आवय येतली आयताराक. काकीकडेन उलोवंक." बस्स, एवढंच. मी "बरं" म्हटलं. घाई मलाच होती. बाबांनी माझ्यासाठी बेळगावचं एक स्थळ बघून ठेवलं होतं आणि महिनाअखेर मला न्यायला ते येणार होते. त्याच्या आत फिटरच्या आईनं बोलणं केलं नाही, तर मी बेळगावला गेलेच समजा.

आणि त्याच आठवड्यात काकींनी घोळ घातला!

झालं असं, की गुरुवारी वाचन ऐन रंगात येऊन थांबलं. शिवलेली पानं तेवढी उरली. वैजूच्या हातात कोल्हापूरच्या बदलीचा कागद, सुहास येणार की नाही पत्ता नाही. काकींना झोप लागेना. आमच्याकडे, म्हणजे गोव्यातही आणि आमच्या सिंधुदुर्गातही, काही मोठं ठरवायचं असलं की देवीला कौल लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, मूर्तीला फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, आणि उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार. घर बांधायचं असो, लग्न असो, विहीर असो. सगळ्या गावाचे कौल. पण कादंबरीतल्या मुलीचा कौल आजवर कुणी लावला असेल, तर तो आमच्या काकींनीच!

शनिवारी सकाळी त्या गुपचूप सातेरीच्या देवळात गेल्या. गुरवाला म्हणाल्या, "एका चेडवाचें लगीन. चेडो बरो, पूण तोंड उगडिना. जातलें काय ना, विचार."

गुरव म्हणाला, "नांव कितें? खंयचें चेडूं?"

देवीच्या समोर पुस्तकाचं नाव घ्यायची काकींना लाज वाटली. "तुका कित्याक जाय? देवीक खबर आसा," म्हणाल्या.

गुरवानं गाऱ्हाणं घातलं. पाकळी पडली ती डावी.

काकी तोंड पाडून घरी आल्या. मला वाटलं, पित्त झालं. त्या दिवशी जेवल्या नाहीत. म्हणजे बघा, बाई सुहासचं सुतक पाळत होती! आणि तिकडे गुरवानं दोन आणि दोन चार केले. काकींच्या घरात लग्नाची मुलगी कोण? मास्तरीण. तोंड न उघडणारा मुलगा कोण? दर गुरुवारी पायरीवर बसतो तो. संध्याकाळपर्यंत बाजारात, तिन्हीसांजेला फिटरच्या आईच्या कानात.

रविवार आला. मी निळी साडी नेसून बसले. फिटरची आई आली नाही. गुरुवार आला, तर फिटरही आला नाही. पायरी रिकामी. मी वाचायला बसले, पण काकी टाके उसवायचं नाव काढीनात.

"तुका खबर ना?" नर्सबाय म्हणाली. "सगळो वाडो म्हणटा, मास्तरणीक देवीन डावो दिलो. फिटराची आवय म्हणटा, देवी ना म्हणटा थंय हांव घर करूंक वचची ना."

"मी कधी कौल लावला?" मी ओरडलेच. "मला का माहीत नाही माझा कौल?"

काकींच्या हातातली बशी खाली आदळली. "तो तुजो न्हय गो," त्या बारीक आवाजात म्हणाल्या. "तो वैजूचो."

नर्सबाय आधी हसली. पदर तोंडात कोंबून कोंबून हसली. मग माझं तोंड बघून तिचं हसू मेलं. मी काकींना काय काय बोलले ते आता आठवतही नाही. खुळी म्हटलं, गावंढळ म्हटलं, बेळगावला जाऊन विहिरीत जीव देईन म्हटलं. त्या ऐकत राहिल्या. मग उठल्या, ट्रंकेतून नऊवारी काढली, नेसल्या आणि दिवेलागणीला फिटरच्या घरी निघाल्या. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, म्हणून मागोमाग मीही गेले. रागानं पाय आपटत, पण गेले.

फिटरची आई म्हणजे कातळ. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पुस्तकांतल्या मनशांक कोण कौल लायता? चेडवाक सोडोवंक तुमी फटी मारतात. म्हाका पिशी समजल्यात?" फट म्हणजे थाप.

"मग परत लावा कौल," मी म्हटलं.

"परत?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी जमिनीत गेले. एकदा देवीनं ना म्हटलं की त्याच गोष्टीचा परत कौल लावत नाहीत. देवीला काय कमी ऐकू येतं?

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, देवळात गर्दी. आरती झाली, गुरव नेहमीचं गाऱ्हाणं घालायला उभा राहिला, तर काकी पुढे झाल्या. "आज हांव घालतां," म्हणाल्या. बाईमाणसानं गाऱ्हाणं घालायची रीत नव्हे. सगळे चाट पडले. फिटरची आई खांबाला टेकून उभी होती.

"बा देवी सातेरी," काकींनी हात जोडून सुरू केलं, "तूं ह्या गांवची आवय. तुज्या मुखार हांव फट मारूंक शकना."

"व्हय म्हाराजा!" लोकांनी सवयीनं म्हटलं.

"पुस्तकांतल्या चेडवाखातीर हांवें तुका त्रास दिलो."

"व्हय म्हाराजा!"

"पुस्तकाच्या नादान हांव पिशी जालां!"

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ एकमुखानं. मग म्हणणाऱ्यांच्याच लक्षात आलं की आपण काकींना वेडी म्हटलं, आणि मागून पोरं फिदीफिदी हसायला लागली. काकी हलल्या नाहीत. मान खाली घालून उभ्या राहिल्या. चांगल्या घरची, मानाची बाई. वाड्यातल्या कुणाच्या लग्नाची यादी तिच्याशिवाय होत नसे. आणि सगळा गाव तिला हसत होता. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. मी रडत होते.

फिटरची आई खांबापासून पुढे आली. "बरें," ती म्हणाली. "कौल पुस्तकाचो जाल्यार पुस्तकच सांगतलें. देवीन ना म्हळां न्हय? म्हणजे त्या तुमच्या चेडवाचें त्या चेड्याकडेन लगीन जावंक फावना. आयताराक हांव येतां. शेवट वाचात. लगीन जालें, जाल्यार कौल ह्या दोगांचो. जालें ना, जाल्यार पुस्तकाचो."

न्याय चोख होता, त्यात काही खोट नव्हती. पण त्यात माझा निकाल आधीच लागला होता. काकींच्या घरात ज्या पुस्तकाच्या शेवटी लग्न नाही ते पुस्तक शिरतच नव्हतं! लायब्ररीच्या मास्तरांचा निरोप आमच्यासमोरच आला होता. जाता, काकी, जाता.

शनिवारी नर्सबाय कात्री घेऊन आली. "आदीं पळोवया," म्हणाली. "आनी लगीन आसलें जाल्यार तूं वेगळें वाच. फिटराच्या आवयक खंय वाचूंक येता? म्हण, सुहास गाडयेखाला पडलो, मेलो."

खोटं कशाला सांगू, मला ते पटलं होतं. मी कात्री हातात घेतलीसुद्धा.

काकींनी ती काढून घेतली. "ना. ती देवीचें नांव घेवन बसतली. तिच्या मुखार फट वाचची न्हय." मग कात्री पदराआड धरून म्हणाल्या, "म्हजो सुहास येना जावं दी, बाय. तुजो येवं दी." त्यांना हे म्हणायला किती जड गेलं असेल, ते तेव्हा मला अर्धंच कळलं.

रविवारी दुपारी सोपा भरला. फिटरच्या आईला खुर्ची दिली, ती मधोमध बसली. फिटर पायरीवर, पण फडकं नाही, इस्त्रीचा शर्ट. कुसुमनं देवीला नारळ बोलला होता. काकींनी चाचपडत टाके उसवले, दोरा बोटाला गुंडाळला आणि पुस्तक मला दिलं.

पहिलीच ओळ, 'मांडवात सनई वाजत होती.'

नर्सबायनं कपाळावर हात मारला. फिटरनं मान खाली घातली. मी वाचत राहिले, काय करणार? दोन पानांनंतर कळलं की लग्न घरमालकाच्या मुलीचं आहे. जीव थोडा भांड्यात पडला. मग सुहास आला! आला म्हणजे थेट मांडवात, आणि वैजूकडे धावताना शिऱ्याच्या पातेल्यात कोपरापर्यंत हात. एरवी आम्ही लोळलो असतो. त्या दिवशी कुणी हसलं नाही. सगळ्या वऱ्हाडासमोर, शिऱ्याचा हात पुढे करून, त्यानं एकदाचं तोंड उघडलं आणि लग्नाचं विचारलं.

मी पान उलटलं. वैजू हसली, असं लिहिलं होतं. मग ती म्हणाली, 'सुहास, मला तुझी वाट बघायची सवय लागली होती. त्या सवयीलाच मी प्रेम समजत होते. तू आलास आणि मला कळलं, मी तुझ्यासाठी थांबले नव्हते, नुसतीच थांबले होते.' तिनं त्याला हात धुवायला तांब्या दिला आणि कोल्हापूरच्या बदलीच्या जागी जायला ती बसमध्ये चढली. मागच्या सीटवरून कुणीतरी शिंकलं. संपलं पुस्तक.

फिटरच्या आईनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "देवीन पुस्तक वाचिल्लें," ती म्हणाली. "आमी आतां वाचलें, तिणें आठ दिसां आदींच वाचिल्लें!" आणि खुर्ची काकींकडे वळवून म्हणाली, "उलय गो. चेडवावटेन कोण उलयतलें? तूंच न्हय?"

नर्सबायनं किंकाळी मारली. कुसुम नारळ आणायला धावली. फिटर माझ्याकडे बघत होता, पहिल्यांदाच सरळ, चाकाकडे न बघता. माझं मात्र सगळं लक्ष काकींकडे. त्या हलल्या नव्हत्या.

"तें परत वाच," त्या म्हणाल्या.

"कुठलं, काकी?"

"तें वाट पळोवपाचें."

मी वाचलं. त्यांनी ऐकलं. बोटाला गुंडाळलेला दोरा सोडवत म्हणाल्या, "बरें केलें चेडवान." मग फिटरच्या आईकडे वळल्या, "हां, उलयतां. पूण पयलीं च्या."

बाबा महिनाअखेर आले ते माझ्या अंगावर ओरडायच्या तयारीनंच. काकींनी त्यांना सगळं सांगितलं, पेजेसकट. ते म्हणाले, "सातेरी मधी पडली तर मी कोण?" आणि बेळगावकरांना कळवायला बांद्याला परत गेले. मे महिन्यात काकींच्याच दारात मांडव पडला. त्याच सुमाराला गोवा राज्य झालं. लोक विचारायचे, लग्न कधी झालं? आम्ही म्हणायचो, राज्याच्या जोडीनं. पत्रिका मराठीत छापली, आमंत्रणं कोंकणीत केली आणि दोन्ही बाजूचे चळवळे एका पंगतीत जेवले. भांडले ते फक्त सोलकढीवरून.

हळदीच्या दिवशी सवाशिणींना बोलावलं. पहिला मान घरच्या यजमानणीचा. आजवर वाड्यातल्या प्रत्येक हळदीला काकी पहिल्या पुढे व्हायच्या. म्हाताऱ्या बायका कुजबुजायच्या, पण त्यांच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. त्या दिवशीही फिटरच्या आईनं त्यांच्याकडेच वाटी केली.

काकी उठल्या नाहीत. "म्हाका सवाशिणींत धरूं नाकात," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "हांव आतां कोणाची वाट पळयना."

बायका एकमेकींची तोंडं बघायला लागल्या. एका म्हातारीला राहवलं नाही. "अगो, मागीर कुंकू?" ती म्हणाली. "तें पुसतली?"

"कित्याक पुसूं?" काकी म्हणाल्या. "तें तांचें न्हयच. कपाळ म्हजें, कुंकूय म्हजें."

सगळ्यात आधी फिटरची आई हलली. तिनं हळदीची वाटी उचलली, ती काकींच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "सवाशिणी मागीर. आवय पयली." काकींनी चाचपडत माझा गाल शोधला आणि हळदीचा पहिला हात मला त्यांनीच लावला.